नाणं कुठं सापडलं?

उत्खननातल्या खापराच्या आतल्या बाजूला काळ्या शाईत बारीक आकडे लिहिलेले असतात. गावाच्या नावाची आद्याक्षरं, खोदकामाचं वर्ष, ट्रेंचचा, म्हणजे खोदलेल्या चराचा क्रमांक, थराचा क्रमांक. खापर तळहातावर मावेल एवढं, वर ना नक्षी ना रंग. काचेमागे ठेवलं तर कोणी थांबून पाहणार नाही. पण ते आकडे पुसले गेले तर त्या तुकड्याची किंमत शून्य होते, आणि टिकले तर दोन हजार वर्षांपूर्वी नर्मदेच्या काठावर एखाद्या घरात कशात शिजवत होते, कशात साठवत होते, हे त्याला विचारता येतं.

हे मला माझ्या भाचीनं शिकवलं. ती पुरातत्त्व शिकते, मी बँकेतून निवृत्त झाले. आमच्या वडोदऱ्यात संग्रहालय म्हटलं की सगळ्यांना कमाटीबागेतलंच आठवतं. सयाजीरावांनी उभारलेली १८९४ सालची इमारत, तिथली ममी, शहरातल्याच अकोट्याच्या जैन धातुमूर्ती. ती चामरधारिणी तर शहराची ओळखच झाली आहे. लहानपणी पाहुणे आले की त्यांना घेऊन दांडियाबाजारातून कमाटीबागेत जायचं, ममी दाखवायची, बाहेर येऊन शेंगदाणे खायचे, हे ठरलेलं. पण महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाकडे जे आहे ते वेगळ्या जातीचं आहे, आणि शहरातल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नाही. मलाही भाची तिथं शिकायला लागेपर्यंत नव्हता.

विद्यापीठ १९४९ चं. हंसा मेहता पहिल्या कुलगुरू. लगेच पुढच्या वर्षी, १९५० मध्ये, पुरातत्त्व आणि प्राचीन इतिहासाचा विभाग सुरू झाला. बी. सुब्बाराव प्रमुख. ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हसमुख सांकलियांच्या हाताखाली तयार झालेले. तेलुगू माणूस, गुजराती गुरू, पुण्याचं शिक्षण, वडोदऱ्याची नोकरी! या शहराचा स्वभावच त्यात आला. १९५२-५३ च्या हंगामात पुणे आणि वडोदरा या दोन्ही संस्थांनी मिळून महेश्वर आणि समोरच्या तीरावरच्या नावडातोलीला खोदकाम केलं. महेश्वर म्हणजे आपल्याला अहिल्याबाई, घाट आणि साड्या. त्या घाटांच्या पल्याड, नावडातोलीच्या टेकाडात, अहिल्याबाईंच्या तीन हजार वर्षं आधीची ताम्रपाषाणयुगीन वस्ती निघाली. रंगवलेली भांडी, धान्याचे दाणे, गोल घरांच्या खुणा. नर्मदेच्या त्या वाळूत आपल्या आठवणी केवढ्याशा वरच्या थरात आहेत, हे वाचताना मला पहिल्यांदा नीट उमगलं.

हा संग्रह कोणी आणून दिलेला नाही, खोदून जमवलेला आहे. मला त्याचं सगळ्यात मोठं वाटतं ते हेच. राजेरजवाड्यांचे संग्रह विकत घेतलेल्या, भेट आलेल्या, सापडलेल्या सुंदर वस्तूंचे असतात. विद्यापीठाच्या संग्रहात सुंदर वस्तू कमी आणि खरी माहिती जास्त. बागसराचं उदाहरण घ्या. कच्छच्या आखाताकाठचं हे तटबंदीचं हडप्पाकालीन गाव. विभागानं ते १९९६ पासून पुढे अनेक हंगाम खोदलं. तिथं शंखाच्या बांगड्यांचं कारखानदारी काम निघालं: न कापलेल्या शंखांचे ढीग, अर्धवट कापलेली कडी, तुटून टाकून दिलेले तुकडे. पूर्ण झालेली एक बांगडी कुठल्याही संग्रहालयात शोभून दिसेल. पण ती कशी कापली, कुठल्या टप्प्यावर मोडायची, किती माल वाया जायचा, हे फक्त कचऱ्यावरून कळतं. तो कचरा जपून ठेवायला, त्याच्या पेट्यांवर क्रमांक टाकायला आणि त्याच्यावर विद्यार्थ्यांची वर्षं खर्च करायला विद्यापीठच लागतं.

पण मला खिळवून ठेवलं ते नाण्यांनी. पस्तीसएक वर्षं पैसे मोजण्यात गेलेली बाई मी, नाण्यांकडेच ओढली जाणार.

बँकेत एक रुपया म्हणजे दुसऱ्या रुपयासारखाच. तसं नसेल तर व्यवहारच बुडेल. कुठून आला, कोणाच्या खिशातून आला, हे विचारायचं नसतं, खोटा नाही ना एवढं पाहायचं. भाचीनं अभ्यासासाठी ठेवलेल्या क्षत्रप नाण्यांचा एक ट्रे पुढ्यात ठेवला, आणि "मावशी, हात लाव, पण कडेनं धर," म्हणाली, तेव्हा माझं सगळं शिक्षण उलटं झालं. इथं प्रत्येक नाण्याला पहिला प्रश्न हाच: तू कुठून आलास?

पश्चिमी क्षत्रपांची, म्हणजे इथं राज्य करणाऱ्या शक राजांची ही चांदीची नाणी. दोन-सव्वादोन ग्रॅम वजन, व्यास जेमतेम दीड सेंटिमीटर. गुजरात, काठेवाड, माळवा आणि काही काळ उत्तर महाराष्ट्र या पट्ट्यात जवळजवळ तीन शतकं हे चलन टिकलं. पुढच्या बाजूला राजाचा चेहरा, मिशा, मानेवर रुळणारे केस, भोवती ग्रीक अक्षरांची नक्कल. ती अक्षरं हळूहळू अशी बिघडत गेली की शेवटी नुसत्या रेघोट्या उरल्या. मागच्या बाजूला तीन कमानींचा डोंगर, खाली नदीची नागमोडी रेघ, वर चंद्र आणि सूर्य. आणि भोवती ब्राह्मी लिपीतला लेख: 'राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसिंहस पुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस'. म्हणजे नुसतं राजाचं नाव नाही, बापाचं नावही, आणि दोघांचे हुद्देसुद्धा. थोरला राज्यकर्ता महाक्षत्रप, त्याच्या हाताखाली तयार होणारा क्षत्रप.

याच्यावर कडी म्हणजे राजाच्या डोक्यामागे कोरलेलं साल. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून ही नाणी तारखेसह पाडली जाऊ लागली. प्राचीन भारतात असं नेमानं साल घालणारी राजवट विरळाच. त्यामुळे या घराण्याचा इतिहास मोठ्या प्रमाणावर फक्त नाण्यांवरून उभा राहिला. रुद्रसिंहाचे तीन मुलगे, रुद्रसेन, संघदामन आणि दामसेन, एकामागून एक गादीवर आले. संघदामनाच्या वाट्याला जेमतेम वर्ष-दोन वर्षं आली. कुठल्या कवीनं, कुठल्या पुराणानं हे सांगून ठेवलेलं नाही. भावानंतर भाऊ, मग पुढच्या पिढीचा थोरला, ही वारसाहक्काची रीतही नाण्यांवरूनच कळली. मध्येच ईश्वरदत्त नावाचा एक महाक्षत्रप येतो. तो ठरलेलं साल घालत नाही, आपल्या कारकिर्दीचं पहिलं आणि दुसरं वर्ष मोजतो, आणि नाहीसा होतो. त्यानं चालत आलेली कालगणना नाकारली यातच त्याचं बंड दिसतं.

आता ते साल कुठलं? शक. इसवी सन ७८ पासून मोजलेलं. याच घराण्यातल्या रुद्रदामनाचा गिरनारचा प्रसिद्ध शिलालेख, सुदर्शन तलावाचा बांध फुटला आणि तो पुन्हा बांधला ही हकिगत सांगणारा, वर्ष ७२ चा उल्लेख करतो. म्हणजे इसवी सन १५०. आणि आमच्या दांडियाबाजारातल्या घरात स्वयंपाकघराच्या दाराला जे मराठी पंचांग लटकलेलं असतं, गुढीपाडव्याला ज्याचं नवं वर्ष आपण वाचतो, ते शालिवाहन शकही तेच. गणती अजून थांबलेली नाही. आपल्या मनात शालिवाहन म्हणजे शकांना हरवणारा पैठणचा राजा, मातीच्या सैन्यात प्राण फुंकणारा. पण ही कालगणना शतकानुशतकं नाण्यांवर चालवली, रुजवली ती गुजरातेतल्या या शक राजांनी. वडोदऱ्यातला मराठी माणूस घरात गुजराती दिनदर्शिका लावतो तेव्हा विक्रम संवत, आणि मराठी लावतो तेव्हा शक. त्यातला 'गुजरातचा' कुठला आणि 'महाराष्ट्राचा' कुठला, हे ट्रेमधल्या त्या नाण्यांसमोर उभं राहून ठरवून पाहावं.

लढाया झाल्याच. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपान क्षत्रपाची. पण त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाचा चेहरा पूर्ण न पुसता त्याच्यावरच आपला शिक्का. हे दोघे समकालीन होते याचा एवढा भक्कम पुरावा दुसरा नाही. आणि हा पुरावा टिकला कारण साठा एकत्र हाती आला, मोजला गेला, त्याची नोंद झाली. तीच तेरा हजार नाणी सराफांकडे सुटी सुटी गेली असती तर वितळून नुसती चांदी उरली असती. उरलीसुरली संग्राहकांच्या कप्प्यांत 'नहपान, चांदी, दुर्मीळ' एवढ्याच चिठ्ठीनिशी पडली असती.

देवनी मोरीबद्दल वाचलं तेव्हा मी रात्री बराच वेळ जागी होते. उत्तर गुजरातेत शामळाजीजवळ मेश्वो नदीच्या काठी विटांचा एक मोठा बौद्ध स्तूप आणि विहार. नदीवर धरण होणार, जागा पाण्याखाली जाणार, म्हणून विद्यापीठाच्या रमणलाल मेहता आणि एस. एन. चौधरी यांनी १९६० ते १९६३ या काळात तिथं उत्खनन केलं. भाजलेल्या मातीच्या सुंदर बुद्धमूर्ती निघाल्या, क्षत्रपांची नाणी निघाली, आणि स्तूपाच्या पोटातून एक दगडी करंडक. त्यात तांब्याची डबी, तिच्यात सोन्याची छोटी कुपी, राख, रेशमी वस्त्राचे अवशेष. करंडकावर संस्कृत लेख. दशबल म्हणजे बुद्ध, त्याच्या शरीराच्या अवशेषांसाठी हा करंडक. कथिक राजांच्या १२७ व्या वर्षी, भाद्रपदाच्या पाचव्या दिवशी, राजा रुद्रसेन असताना. करंडक घडवणाऱ्याचं नावही लिहिलंय: सेनाचा मुलगा वराह. आज तो करंडक विद्यापीठाच्या याच विभागाच्या ताब्यात आहे. स्तूप धरणाच्या पाण्याखाली गेला.

एवढं सगळं लिहून ठेवलंय, आणि तरीही वाद आहे. १२७ हे वर्ष शकाचं धरलं तर इसवी सन २०५ येतं, आणि रुद्रसेन म्हणजे पहिला रुद्रसेन. इसवी सन २४९ च्या आसपास सुरू झालेल्या गणनेचं धरलं तर ३७५ च्या सुमाराला येतं, म्हणजे तिसरा रुद्रसेन. मध्ये जवळजवळ पावणेदोनशे वर्षं! त्यावर त्या मातीच्या बुद्धमूर्तींचं वयही ठरतं, आणि पश्चिम भारतात बुद्धाची मूर्ती घडवण्याची शैली कुठून कुठं गेली हा मोठा प्रश्नही. अशा वेळी स्तूपाच्या गाभ्यातलं एक नाणं केवढं बोलतं पाहा. बांधकामाच्या आत, हात न लागलेल्या जागी, इसवी सन ३०० चं नाणं असेल तर ते बांधकाम २०५ चं असूच शकत नाही. तेच नाणं वरच्या ढिगाऱ्यात मिळालं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कोणा वाटसरूचंही पडलेलं असेल. नाणं तेच, चांदी तीच, राजाचा चेहरा तोच. फरक फक्त जागेचा, आणि ती जागा उत्खनन करणाऱ्यानं त्याच दिवशी वहीत लिहिली होती का याचा. मेश्वोच्या पाण्यानं स्तूप गिळल्यावर ती वही हाच स्तूप.

क्षत्रप संपले, तेव्हा जिंकणाऱ्या चंद्रगुप्त दुसऱ्यानं काय करावं? नाण्याचा आकार तोच ठेवला, पुढचा राजाचा चेहराही त्याच धाटणीचा ठेवला, फक्त मागच्या डोंगराच्या जागी आपला गरुड आणला. कुमारगुप्तानं पुढे मोर आणला. बाजारातल्या माणसाचा हात ज्या चांदीला सरावलेला आहे ती बदलून चालत नाही, हे त्यांना कळत होतं. नोटाबंदीच्या दिवसांत काउंटरच्या आत बसलेली मी हे वाचून मनापासून मान डोलावते.

आणि मग गायकवाड. १७३४ मध्ये वडोदरा त्यांच्या हाती आलं. त्यांच्या टाकसाळीतल्या बाबाशाही रुपयांवर मोगल बादशहाचं नाव फारसीत, आणि एका कडेला नागरीत गायकवाडांची आद्याक्षरं. गणपतरावांचं 'ग गा', खंडेरावांचं 'ख गा', सोबत तलवार. चंद्रगुप्ताचीच युक्ती, चौदाशे वर्षांनंतर. पुढे सयाजीराव तिसऱ्यांच्या काळात रुपयाचं रूपच बदललं. नागरीत 'श्री सयाजीराव म. गायकवाड' आणि त्यांचा पगडीतला चेहरा असलेले रुपये निघाले, मागे तलवार आणि साल. ते साल मात्र विक्रम संवताचं. नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक आलेला मराठी राजा, गुजरातेतल्या प्रजेसाठी गुजरातेत चालणारी कालगणना वापरतो, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

वडोदऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत हे बाबाशाही रुपये असतातच. आमच्याकडे पितळेच्या डब्यात आहेत. लक्ष्मीपूजनाला निघतात, चिंचेनं घासले जातात, पंचामृतात बुडतात, पुन्हा डब्यात जातात. चिंचेचं मी आता बंद केलंय, आणि वाचणाऱ्यांनाही कळकळीनं सांगते की करू नका. नाण्यावरचा काळपट थर हा मळ नसतो, धातूचा बाहेरचा पदर असतो. तो आम्लानं उतरला की अक्षरांच्या कडाही उतरतात. पूजेला हळदकुंकू वाहा, फूल ठेवा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे लिहून ठेवा. कुठलं नाणं कोणाकडून आलं, पणजोबा कुठल्या खात्यात होते, घराची भिंत पाडताना मिळालं की पगाराचं म्हणून जपलं. आपल्या घरातल्या वस्तूंचा थर म्हणजे आपल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण, आणि ती वर्षागणिक उपसली जातेय.

जमिनीत सापडलेल्याचं तर कायद्यानंच बांधलेलं आहे. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. लोक घाबरून ते गुपचूप सराफाकडे वितळवतात. भीती समजते मला. तरी पायाच्या खड्ड्यात मडकं निघालं तर ते उचलण्याआधी निदान एक फोटो, जागेसकट, काढायला हवा. अकोट्यात केवढी घरं उभी राहिली! अकोटा म्हणजे प्राचीन अंकोट्टक. विश्वामित्रीच्या काठच्या त्या टेकाडात रोमन घडणीची कांस्याची मूठ मिळाली, तिच्यावर इरॉसची बालमूर्ती. शके ७३४ च्या, म्हणजे इसवी सन ८१२ च्या ताम्रपटात राष्ट्रकूट कर्क सुवर्णवर्ष वडपद्रक नावाचं गाव एका ब्राह्मणाला दान देतो, आणि त्याच्या पश्चिमेची सीमा सांगतो: अंकोट्टक. तेव्हा अंकोट्टक मोठं, चौऱ्याऐंशी गावांचं मुख्य, आणि आमचं वडोदरा त्यातलं एक दान दिलेलं खेडं. आणि दान देणारं घराणं दख्खनमधल्या मान्यखेटच्या राष्ट्रकूटांची शाखा. दक्षिणेकडून येऊन इथं राज्य करणारे गायकवाड पहिले नव्हेतच.

विद्यापीठाच्या अशा संग्रहांनी शहरासाठी दार मोकळं ठेवावं अशी माझी तळमळीची मागणी आहे. वर्षातून काही दिवस तरी. विद्यार्थ्यांनी ट्रे उघडून सांगावं, खापराच्या आतले आकडे दाखवावे, पाट्या गुजराती आणि मराठीत असाव्यात. पोरं सोन्याच्या नाण्यांपुढे गर्दी करतील हे खरं, पण त्यांना बागसराचा तुटका शंख हातात देऊन पाहा. बांगडी कुठं मोडली हे शोधायला ती किती वेळ बसतात ते मी माझ्या नातवंडांत पाहिलंय, साध्या बाजारातल्या शंखावर.

आमच्या डब्याचं अजून ठरलेलं नाही. पुण्याचे दादा म्हणतात वाटून घेऊ, प्रत्येकाला चार-चार येतील. वहिनींना विकावंसं वाटतं, घरदुरुस्ती काढलीय त्यांनी, आणि त्यात काही वावगं नाही. माझं म्हणणं एवढंच की वाटायच्या आधी प्रत्येकाचं वजन करू, दोन्ही बाजूंचे फोटो काढू आणि आईला जे आठवतंय ते तिच्याच शब्दांत उतरवू. दादा तयार झालेत. आईनं काल दोन नाण्यांचं सांगितलं. एक तिच्या सासऱ्यांना हुजुरातीत मिळालेलं. दुसरं सावली गावाला, शेतात, नांगराला लागलेलं. त्या दुसऱ्यावर नागरी अक्षर नाही, गायकवाडांच्या आधीचं दिसतंय. ते भाचीनं वेगळ्या पाकिटात घातलंय, वर आईचं वाक्य लिहून, आणि सुट्टी संपली की ती ते विभागात तिच्या सरांना दाखवणार आहे.